पावसाळ्यासाठी घेतलेला ब्लूटूथ स्पीकर, डबलबारी लावून तपासलेला

सध्या घरात काय वाजतंय ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय या रिव्ह्यूला काही अर्थच नाही. सकाळी नाट्यसंगीत, ती आईची फर्माईश. दुपारी मूड असेल तसं, बहुतेक कोळीगीतं. आणि रात्री जेवणं आटपली की डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, कारण गणपती जवळ आलेत, वाडीच्या भजनात मी झांज वाजवतो आणि बुवांच्या चाली आत्तापासून कानात बसल्या नाहीत तर ऐन आरतीच्या वेळी सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळतात. म्हणजे आमच्या घरी स्पीकरला काम काय, तर पेटी, पखवाज, झांज आणि माणसाचा गळा. यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले सगळे तीच ढॅणढॅण गाणी लावून "बास बघा बास" करत बसतात, त्यावरून वेंगुर्ल्यातल्या माणसाला काय डोंबल कळणार.

तर घेतला तो वीस वॅटचा, उभट, एका हातात मावणारा, अडीच हजाराच्या आतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, या किमतीत सगळे एकाच पठडीतले असतात, नुसता शिक्का वेगळा.

पखवाजाचं आधी. आमच्याकडे पखवाजाच्या डाव्या अंगाला, धूमवर, ओली कणीक थापतात, त्याने कातडं जड होतं आणि आवाज खाली उतरतो, तो घुमारा सबंध खळ्यात पसरतो आणि त्यावरच भजन उभं राहतं. छोट्या स्पीकरची खरी परीक्षा इथे आहे. आतला पडदा जेमतेम दोन इंचाचा, तो एवढी हवा हलवणार कशी? म्हणून हे कंपनीवाले दोन्ही टोकांना रबरी पडदे बसवतात, त्यांना करंट नसतो, आतल्या हवेच्या दाबाने ते हलतात आणि थोडा खालचा आवाज देतात. थोडाच हां. पहिल्या रात्री काकांना पडवीत बसवून बारी लावली तर दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "ह्यो पखवाज आसा की पत्र्याचो डबो?"

मग ॲपमध्ये जाऊन सेटिंगशी खेळलो. बास बूस्ट म्हणून जे बटण असतं ते भजनाला अजिबात चालू करायचं नाही. त्याने धूम खोल होत नाही, त्याच्या जरा वरचा भाग फुगतो, मग प्रत्येक थाप सुजल्यासारखी येते आणि पेटीचे खालचे सूर तिच्याखाली गाडले जातात. बूस्ट बंद, वरचा ट्रेबल दोन पायऱ्या खाली (नाहीतर झांज डोक्यात जाते, आणि हे मी झांजवाला असून सांगतोय), आणि स्पीकर भिंतीपासून वीतभर अंतरावर कोपऱ्यात. कोपऱ्यामुळे खालचा आवाज फुकटात वाढतो, त्याला ॲप लागत नाही. आता काका ऐकतात. कौतुक करत नाहीत, पण उठूनही जात नाहीत.

ज्यांना डबलबारी माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन बुवा समोरासमोर, एकाची बारी चालू असताना दुसरा बसून ऐकणार, आणि मग आपल्या बारीत गजरातून त्याला उत्तर देणार. सगळी मजा शब्दांत आहे, टोमणा कुठे मारला आणि समोरच्याने तो कसा परतवला यात. म्हणून मला स्पीकरकडून बासपेक्षा शब्द स्वच्छ पाहिजेत आणि तिथे हा पठ्ठ्या चांगला निघाला, कोरस अंगावर आला तरी बुवांचा शब्द सुटत नाही. फक्त रेकॉर्डिंग बघून निवडा. कर्ण्यासमोर मोबाईल धरून काढलेला व्हिडिओ कुठल्याच स्पीकरवर बरा वाजणार नाही, ज्यांनी मिक्सरमधून थेट लाईन घेतलीय ते शोधा, ऐकताच फरक कळतो.

आता आईचं डिपार्टमेंट. इथे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. मास्टर दीनानाथांच्या जुन्या तबकड्या या स्पीकरवर मस्त वाजतात! विचार केल्यावर कारण कळलं, त्या काळच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटं गाणं, आणि खालचा आवाज मुळातच फार थोडा पकडलेला, सगळा जीव गळ्याच्या पट्टीत. छोटा स्पीकर नेमका तेवढंच बरं वाजवतो, त्यामुळे हरवण्यासारखं काही उरतच नाही. खरखर आहे ती आहे, आईला ती हवीच असते. अभिषेकीबुवांनी संगीत दिलेलं 'कट्यार काळजात घुसली', 1967 सालचं, त्यातल्या वसंतराव देशपांड्यांच्या ताना पण झक्क येतात, तबला मात्र जरा कोरडा. दीनानाथही मूळ मंगेशीचे आणि अभिषेकीबुवाही मंगेशीचेच, त्यामुळे आईचा त्या गावावर फार जीव, गोव्याला निघालो की देवळात गाडी थांबवावीच लागते.

कोळीगीतांत माझी कायमची टेस्ट म्हणजे 'मी डोलकर'. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, आणि हेमंतकुमारांचा तो भरदार आवाज लताबाईंच्या आवाजाशेजारी. स्पीकर पातळ असला की हेमंतकुमार सर्दी झाल्यासारखे वाटतात. इथे नाही वाटले, आवाज अर्ध्यावर असेल तोपर्यंत. पाऊण पार केलात की मग सर्दी. (आमच्या इथले गाबीत, म्हणजे इथले मासेमार, काही या गाण्यातली भाषा बोलत नाहीत, ती वरच्या अंगाच्या, रायगड-मुंबईकडच्या कोळ्यांची, आमच्याकडे मालवणी. पण दर्या सगळ्यांचा तोच, ऐकायला काय जातं.)

पावसाचं आणि खाऱ्या हवेचं हे नीट वाचा. खोक्यावर आयपीएक्स 7 लिहिलेलं असतं म्हणून लोक त्याला घेऊन समुद्रात उतरतात. त्या 7 चा अर्थ एवढाच की एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जाऊ नये. खाऱ्या पाण्याबद्दल ते काही सांगत नाही, आणि मधला एक्स म्हणजे धुळीची टेस्ट नोंदलेलीच नाही, म्हणजे वाळूची जबाबदारी तुमची. आमच्याकडे पाऊस वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पडतो, पण पावसाने स्पीकर मरत नाही, मीठ मारतं. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढायला लागतो. किनाऱ्यावर नेलात तर घरी आल्यावर झाकण घट्ट लावून साध्या पाण्याने धुवा, कोरडा करा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. माझं रबरी झाकण आत्ताच ढिलं झालंय, तो या मॉडेलचा वीक पॉइंट.

बॅटरी बारा तास म्हणतात, ती आवाज अर्ध्याच्या खाली ठेवला तर. आमच्या आवाजाला सात-आठ धरा. लाईट गेली तरी पॉवर बँकवर चार्ज होतो, आणि जुलैत लाईट जाणार म्हणजे जाणार, तेव्हा हा मुद्दा शहरातल्या लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

ब्लूटूथची रेंज दहा मीटर लिहिलीय, ती मोकळ्या जागेत. चिऱ्याची भिंत मध्ये आली की खलास. फोन माजघरात आणि स्पीकर पडवीत असं केलं तर बुवा तुटक तुटक गातात.

अजून एक, घेताना ऑक्सची पिन, म्हणजे वायरने दुसरं यंत्र जोडायची सोय, आहे का बघा. नव्या मॉडेलांत काढून टाकतायत. घरात जुन्या कॅसेटी असतील, दशावताराच्या, भजनाच्या, तर ज्या बुरशीतून वाचल्यात त्या ऐकायला तीच पिन लागते. माझ्यात आहे, नशीब. आणि दुकानात दुकानदार त्याचं ठरलेलं गाणं लावेल, ते थांबवून तुमच्या फोनवरची बारी लावा, तो विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पाचपैकी चार देतोय. एक कापला तो आतल्या बाईमुळे. बॅटरी उतरली की गजर ऐन रंगात असताना ती मध्येच इंग्रजीत मोठ्याने सांगते, बॅटरी लो, प्लीज चार्ज, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा सांगते. हिला गप्प करायची सोय ॲपमध्ये कुठेच नाही.