आठ नंबरचं हेलिकॉइल किट: कॉइल उत्तम, ड्रिल भंगार

हेलिकॉइल म्हणजे आटे गेलेल्या भोकात नवे आटे म्हणून बसवायची तारेची कॉइल, आठ नंबर म्हणजे 8 मिलिमीटरच्या बोल्टासाठी. किटमधलं ड्रिल बाजूला टाकायची तयारी असेल तर हे किट घ्या. बाकीचा माल पैसे वसूल करणारा आहे. बोहरी आळीतून आणलं, दीड हजारांच्या आत. डबीवर कंपनीचं नाव नाही. अस्सल हेलिकॉइल बोलहॉफ या जर्मन कंपनीचं, ते महाग पडतं आणि एका भोकासाठी कुणी घेत नाही.

काम होतं सोसायटीतल्या एका पोराच्या जुन्या मारुती इस्टीम गाडीचं. तिचं 1.3 लिटरचं जी-13 इंजिन, ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचा. कुणा पहिलवानाने एसी कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचा बोल्ट लांब पान्याने आवळला आणि ब्लॉकमधले आटे बोल्टाला गुंडाळून बाहेर आले. पुढच्या गॅरेजवाल्याने बोल्टाला टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेली. ब्रॅकेट हलायला लागल्यावर तिसऱ्याने सांगितलं, ब्लॉक बदला! पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, तुम्ही दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतात ना? एकदा बघा तरी." साध्या आठच्या बोल्टासाठी ब्लॉक बदलायला सांगणाऱ्याच्या हातात मी सायकलचा पंपसुद्धा देणार नाही.

किटमध्ये ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), कॉइल बसवायचा दांडा, टँग (कॉइलच्या खालच्या टोकाची, दांड्यात अडकणारी आडवी तार) तोडायचा पंच आणि दहा कॉइल. ड्रिल लाकडाच्या तुकड्यावर चालवून पाहिलं. धार मधोमध लावलेलीच नाही, त्यामुळे भोक मोठं पडतं. 8 बाय 1.25 च्या (8 बोल्टाची जाडी, 1.25 पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये) कॉइलला साधारण 8.3 मिलिमीटरचं भोक लागतं. ते 8.6 झालं की टॅपला पकडायला धातू कमी उरतो आणि आटे उथळ पडतात. मी माझं चांगलं ड्रिल वापरलं, त्यावर चिकटपट्टी लावून खोलीची खूण केली आणि गुण्या लावून सरळ धरलं. हातड्रिल तिरकं गेलं तर बोल्टही तिरका बसणार, मग ब्रॅकेटच्या भोकाशी तो जुळत नाही.

टॅप मात्र बरा निघाला. ॲल्युमिनियमला रॉकेल छान चालायचं, पण आता ते मिळतं कुठे? डब्ल्यूडी-40 मारलं. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे चुरा आत सांडत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. एक खोट आहे: टॅप एकच आणि तोही शेंड्याला निमुळता. भोक आरपार असेल तर काही अडत नाही. बंद भोकात तळाचे आटे अर्धवट राहतात, तिथे चपट्या तोंडाचा टॅप वेगळा आणावा लागतो. आमचं भोक पुरेसं खोल होतं, निभावलं.

कॉइल स्टेनलेसची. मोकळी असताना भोकापेक्षा थोडी जाड असते, दांड्याने पिळली की आकसते आणि आत गेल्यावर फुगून आट्यांत घट्ट बसते. दाबायची नाही, नुसती फिरवायची. दाबली की एक आटा सोडून पुढच्यात उडी मारते. वरच्या काठाखाली अर्धा आटा गेली की थांबायचं. नंतर पंचाने एक टोला, टँग तुटते. तो तुकडा चुंबकाला नीट चिकटत नाही, त्यामुळे तारेच्या टोकाला ग्रीस लावून उचलला. किटमध्ये 12 मिलिमीटर लांबीच्या कॉइल आहेत, म्हणजे बोल्टाच्या दीडपट. ॲल्युमिनियमला एवढी लांबी हवीच. आखूड देत असेल तर घेऊ नका.

बोल्ट 22 न्यूटन मीटरला आवळला, टॉर्क रेंचने. पोराला तो रेंच हातात धरूनच दाखवला. कॉइल ब्लॉकच्या मूळ आट्यांपेक्षा टणक असते, त्यामुळे हा बोल्ट आता वारंवार खोलला तरी मला चिंता नाही.

हेड बोल्टाचे (सिलिंडर हेड ब्लॉकवर आवळणाऱ्या बोल्टाचे) आटे गेले असतील तर हे किट हातात घेऊ नका. तिथे भोक काटकोनात पडायलाच हवं, ब्लॉक मशीनवर चढवणाऱ्या वर्कशॉपला द्या. आतून पाण्याची वाट जात असेल तर कॉइलसोबत सीलंटही लागतं.

दहाचं किट घ्यायला गेलात तर पिच आधी विचारा. 1.25 आणि 1.5 दोन्ही मिळतात, दुकानदार बहुधा 1.5 चं काढून देतो आणि जपानी गाड्यांना बहुतेक ठिकाणी 1.25 लागतं. जुना बोल्ट खिशात घालूनच जा.