बिबट्या वरून, लांडगा खालून: शेळ्यांचा तयार जाळीगोठा घ्यावा का?

तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानासमोर वीस बाय दहाचा एक लोखंडी सांगाडा उभा असतो आणि त्यावर पाटी असते, ‘बिबट्याप्रूफ गोठा’. आत येतं ते असं: दोन इंची जीआय पाइपाचे बारा खांब, चारही बाजूंनी सात फूट उंच चेनलिंक जाळी, वर टिनपत्रे, अडीच फुटी दार, दाराला एक कडी. दुकानदार सांगतो, ‘तीस शेळ्या आरामात बसतात.’ बसत नाहीत. मोठ्या उस्मानाबादी शेळीला दहा चौरस फूट जागा धरावी लागते, म्हणजे दोनशे चौरस फुटांत वीस शेळ्या. करडं त्यातच असतील तर आणखी कमी. तीस कोंबल्या की पावसाळ्यात मुताचा उग्र वास कोंडतो आणि करडांना खोकला सुरू होतो.

आमचं मत आधीच सांगतो. सांगाडा घेण्यासारखा आहे, पण दुकानातून निघतो त्या अवस्थेत तो ‘बिबट्याप्रूफ’ही नाही आणि ‘लांडगाप्रूफ’ही नाही. सगळा पैसा मधल्या सात फुटांत घातलेला आहे आणि शिकारी मधून येतच नाही.

मराठवाड्यात वाघ क्वचितच दिसतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एखादा नर येतो. २०२४च्या डिसेंबरात येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ दिसला, तोही तिकडचाच. पण तो अपवाद. रोजच्या हिशोबात अन्नसाखळीच्या टोकाला दोघं बसलेत: गौताळ्याच्या डोंगररांगांत, बालाघाटात आणि गोदाकाठच्या उसात बिबट्या, आणि बीड-धाराशिवच्या माळरानावर लांडगा. वाघ जिथे असतो तिथे बिबट्या कडेकडेने, अंग चोरून राहतो. इथे त्याच्यावर दादागिरी करणारं कोणी नाही. त्यात बारा-चौदा महिने उभा राहणारा ऊस म्हणजे पाणी, सावली आणि रानडुकरं सगळं एका जागी. ऊसतोड सुरू झाली की तो आडोसा एका दिवसात जातो आणि बिबट्या शेजारच्या फडात नाहीतर थेट आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीच्या, आसपास सरकतो. तक्रारी तेव्हा वाढतात त्या याच कारणाने.

गोठा घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की हे जनावर योगायोगाने तुमच्या दारात येत नाही. नर बिबट्याचा आपला इलाका असतो. पाणंद, ओढा, कालव्याची भर, बांध अशा ठरलेल्या वाटांनी तो रात्री फिरतो, झाडाच्या बुंध्यावर मूत फवारतो, नखं ओढतो आणि काही रात्रींनी पुन्हा त्याच वाटेने येतो. गोठा त्या वाटेवर असला तर त्याची परीक्षा एकदा होऊन संपत नाही. ती दर फेरीला होते. आज कडी नीट लागली होती, उद्या सालगड्याने नुसतं दार लोटलं, तर उद्याचा दिवस त्याचा.

आता अर्धवट बंदोबस्ताचा धोका. रानात शिकाऱ्याने एक जनावर धरलं की बाकीचा कळप उधळून निघून जातो आणि शिकार तिथेच संपते. बंद गोठ्यात शेळ्यांना पळायला जागा नसते. त्या ओरडत चौफेर धावतात आणि समोर धावणारं, ओरडणारं जनावर दिसलं की बिबट्या पुन्हा पुन्हा धरत जातो. खायचं एकच असतं, मरतात दहा. लांडगाही असंच करतो. म्हणून एक फट राहिलेला गोठा हा उघड्या दावणीपेक्षा वाईट. दावणीवरची एक शेळी जाते, गोठ्यातला कळप जातो.

जाळीपासून सुरुवात करू, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथेच होते. पाटीवर ‘दोन इंची, दहा गेज’ असतं. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते, बारा गेजची साधारण २.६. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, वजनकाट्याला कळतो. साठ फूट घेर आणि सात फूट उंची म्हणजे ४२० चौरस फूट जाळी. खरी दहा गेज असेल तर ती १०५ ते ११० किलो भरते. काटा सत्तर-पंचाहत्तर किलोंवर थांबला तर तुम्हाला बारा गेज दिली आहे. म्हणून भाव फुटावर ठरवू नका, किलोवर ठरवा आणि जाळी खांबाला लावण्याआधी तोलून घ्या. भोकसुद्धा दोन इंचांचंच हवं. तीन इंची जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून बिबट्याचा पंजा आत जातो आणि जाळीला टेकून झोपलेलं करडू तो बाहेरूनच धरतो. दोन इंचात बोटं अडकतात, पंजा जात नाही.

चेनलिंकचा मूळ दोष असा की ती विणलेली असते. एक तार तुटली की शेजारचे फासे सुटत जातात. शिवाय ताणून बसवली नाही तर मध्ये पोट धरते. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताण-तारा हव्यातच. तयार गोठ्यात बहुतेक वेळा फक्त वरचीच असते. जाळी खांबाला बाइंडिंगच्या तारेने बांधलेली असेल तर ती काढून टाका. ती तार दोन पावसाळ्यांत हाताने तुटते. पट्टी लावून नटबोल्टने आवळलेली जाळी टिकते. खालच्या चार फुटांना वेल्डमेश मिळाली तर उत्तम, तिचे सांधे डाक दिलेले असल्याने ती उसवत नाही.

जाळीचा खालचा एक फूट आधी गंजतो आणि त्याला पाऊस नाही, मूत कारण आहे. जस्ताचा थर मुताने खाल्ला जातो, मग तांबूस पूड पडू लागते. बसवण्याआधीच त्या पट्ट्याला रेड ऑक्साइड आणि वर डांबरी रंग द्या. नंतर शेळ्या आत असताना ते काम होत नाही.

लांडगा जेमतेम वीस किलोंचा, रोडका, लांब पायांचा. तो जाळीवर झेप घेत बसत नाही. कडेकडेने नाक लावून फिरतो आणि जिथे खालून वास आणि हवा येते तिथे उकरतो. अगदी जाळीच्या बुडाशी उकरतो, दोन हात मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. म्हणून उपाय साधा आहे: अडीच फुटांची जास्तीची जाळी घ्यायची, फूटभर जमिनीत उभी गाडायची आणि उरलेली दीड फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडून मातीखाली निजवायची. उकरताना नखं त्या आडव्या जाळीला लागतात आणि तो सोडून देतो. आतल्या बाजूला दुमडली तर उपयोग शून्य, आणि गवंडी हमखास आत दुमडतो कारण त्याला ते सोपं जातं. तयार गोठ्यात ही जाळी मुळात येतच नाही, वेगळी मागावी लागते.

काळ्या रानात आणखी एक भानगड. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दीड फुटावर काँक्रीट भरून उभा केलेला खांब पहिल्या वर्षी ओळंब्यात दिसतो, दुसऱ्या वर्षी कलतो. खांब कलला की जाळी एका कोपऱ्यात वर उचलली जाते आणि तिथे चार-पाच बोटांची फट पडते. खांबाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, तीन फूट लागले तरी. ते परवडत नसेल तर गोठ्याखाली मुरमाचा फूटभर भराव टाकून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. माळावर उलटं होतं: तिथे सहा इंचांवरच खडक लागतो, जाळी गाडताच येत नाही. मग घेराभोवती दगडी पायथा बांधून जाळीचं बूड सिमेंटात धरावं. नुसते धोंडे रचून ठेवले तर एखादा धोंडा कधी ना कधी सरकतोच.

आता बिबट्या. पूर्ण वाढलेला नर पन्नास-साठ किलोंचा असतो, जागेवरून दहा फुटांपर्यंत उभी झेप घेतो आणि जाळीला पंजे रोवून चढतोही. त्याच्यापुढे सात फूट म्हणजे उंबरठा. म्हणून उंचीवर भांडण्यात अर्थ नाही, डोक्यावर काय आहे ते बघा. तयार गोठ्यात जाळी सात फुटांवर संपते आणि पत्रे आठ फुटांवर बसतात. मधला फूटभर मोकळा असतो, ‘हवा खेळायला’. हीच त्याची खिडकी. पत्र्याच्या कडेला पुढचे पंजे टेकले, अंग आत घेतलं की झालं. शिवाय कोपऱ्यावर जिथे दोन बाजूंच्या जाळ्या भेटतात तिथे वरचा फासा पाइपापासून दोन-तीन बोटं सुटलेला असतो. बोट घालून ओढून बघा, तुमच्या हाताने वाकला तर त्याच्या पंजाने वाकणारच.

फट बंद करायला दुकानदार आणखी पत्रा सुचवेल. मराठवाड्यात ते करू नका. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा, वर पत्रा, चारही बाजू बंद, म्हणजे शेळ्या बिबट्याआधी उन्हाने जातील. फट तशीच ठेवा आणि तिला तीच दहा गेजची जाळी लावा, पत्र्याच्या खालच्या पाइपाला नटबोल्टने. शक्य असेल तर मधली उंची नऊ फूट करून घ्या. एवढ्या बदलाने दुपारचा फरक अंगाला कळतो. पत्रे नुसत्या जे-हुकावर एका बाजूने धरलेले नकोत, दोन्ही कडांना आवळलेले हवेत. आणि गोठ्याभोवतीच्या लिंबाची, बाभळीची फांदी पत्र्यापासून दहा-बारा फुटांच्या आत येत असेल तर छाटा. लोक सावलीसाठी मुद्दाम झाडाखाली गोठा बसवतात आणि बिबट्याला शिडी मिळते.

दाराचा मजकूर थोडक्यात, कारण नियम सोपे आहेत. दार बाहेर उघडणारं असावं, म्हणजे बाहेरून रेटा पडला की ते चौकटीवरच दाबलं जातं. बिजागऱ्या तीन. कडी एक नको, वर एक आणि खाली एक. एकच कडी मधोमध असली की खालचा कोपरा वाकतो आणि तेवढ्या जागेतून लांडगा सहज जातो. दाराखालची फट दोन बोटांपेक्षा जास्त नको आणि उंबऱ्याला सिमेंटचा पट्टा हवाच, नाहीतर शेळ्यांच्या खुरांनी तिथेच खळगा पडतो.

सोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या दोन वस्तू. पहिली झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र. रानडुकरासाठी ती चांगली आहे, डुक्कर ओलं नाक पुढे करून तारेला भिडतं. बिबट्यासाठी तिच्यावर विसंबू नका. झटका बसायला जनावराचा एक अवयव तारेला आणि पाय जमिनीवर असावे लागतात. हवेत झेप घेतलेल्या जनावराचं सर्किट पूर्ण होत नाही. उन्हाळ्यात कोरड्या ठणठणीत जमिनीत अर्थिंगही धड लागत नाही. सळई खोल ठोकून तिथे रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं, किंवा एकाआड एक तार अर्थिंगची करावी लागते. पावसाळ्यात उलट, गवत तारेला टेकलं की करंट तिथेच उतरतो. लांडग्यासाठी लावायचीच असेल तर सगळ्यात खालची तार जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर घ्या आणि खालचं गवत कापत राहा. घरची २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मरतात, आधी घरचीच.

दुसरी वस्तू, चमकणारा सौर दिवा. काही आठवडे काम करतो. नंतर बिबट्याला कळतं की हा नुसता चमकतो. जागा आणि उंची दर चार-पाच दिवसांनी बदलली तर जरा जास्त चालतो. गोठ्याला पर्याय म्हणून अजिबात नको.

फिरत्या मेंढपाळांना हा गोठा कामाचा नाही, हे वेगळं सांगायला नको. त्यांची वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, घोड्यावर लादता येते आणि रोज नव्या रानात लावता येते. ती जाळी लांडग्याला अडवत नाही, मेंढरं एका जागी ठेवते. अडवतात ते गळ्यात काटेरी पट्टा घातलेली कुत्री आणि जागा माणूस. आखाड्यावर कुत्रं असेल तर तेही रात्री जाळीच्या आतच घ्या. बाहेर बांधलेलं कुत्रं राखणदार नसतं, बिबट्यासाठी ते आवडीचं खाणं असतं.

एवढं सगळं करून हल्ला झालाच तर मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, १९२६ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे. पंचनाम्यात भरपाई ठरते ती खुणांवर: मऊ मातीत गोल, नखं न उमटलेला ठसा असेल तर बिबट्या; लांबट आणि पुढे नखांचे टोचे असतील तर लांडगा किंवा कुत्रं. ठशांवर पाटी किंवा टोपलं पालथं घालून ठेवा, बघ्यांच्या पायाखाली ते तासाभरात जातात. बिबट्या आतच अडकला असेल तर दार उघडायला जाऊ नका, गर्दी मागे हटवा आणि गाडी येईपर्यंत थांबा.

गुण द्यायचे तर तयार गोठ्याला पाचपैकी अडीच. खालची दुमडलेली जाळी, पत्र्याखालची जाळी, दुसरी कडी आणि मुरमापर्यंतचे खांब एवढं करून घेतलं तर चार. उरलेला एक गुण रोज संध्याकाळी सगळ्या शेळ्या आत घेऊन दोन्ही कड्या लावणाऱ्या माणसाचा आहे, तो दुकानात मिळत नाही. ऑर्डर देताना ही चारही कामं कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी ठरलं तर बसवणारे पोरं येतात त्यांना त्यातलं काहीच माहीत नसतं.