मृत्युपत्र म्हणून घेतलेली सही

इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या घराबाबत एका सल्लागाराच्या फसवणुकीमुळे जे घडले, ते मी तिच्या संमतीने लिहीत आहे. याच माणसाने याच पद्धतीने आणखी काही मराठी कुटुंबांतील वृद्धांच्या सह्या घेतल्याचे आम्हांला नंतर समजले. मृत्युपत्र, नामांतरण (सरकारी नोंदीत नाव बदलणे) आणि वारसांची कागदपत्रे घरी येऊन करून देतो, असे सांगणारा कोणी तुमच्या आईवडिलांकडे येत असेल, तर कृपया हे त्यांना वाचून दाखवावे.

मावशीचे यजमान मृत्युपत्र न करता गेले. रामबागेजवळचे दुमजली घर त्यांच्या स्वकष्टार्जित पैशांतले होते. तिन्ही मुले परगावी असल्यामुळे मालमत्ता कराची पावती तिच्या नावाने निघावी म्हणून सर्वांच्या संमतीने नगर निगममध्ये तिच्या एकटीच्या नावावर नामांतरण करून घेण्यात आले होते. हा सल्लागार तिला गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात भेटला. तो शुद्ध मराठी बोलत होता, जुन्या इंदूरच्या चार घराण्यांची नावे घेत होता, आणि आपल्याकडे, घराबाहेर दिवसभर हिंदीच कानावर पडत असताना, एवढ्यावर माणूस आपला वाटू लागतो. तो तिला "आई" म्हणू लागला. मृत्युपत्र नोंदवले नाही तर घर सरकारजमा होईल आणि मुलांना वर्षानुवर्षे कोर्टात फिरावे लागेल, ही भीती त्याने तिच्या मनात बसवली.

ही गोष्ट धादांत खोटी आहे. मृत्युपत्र नसले की हिंदू कुटुंबात 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि मालमत्ता वारसांकडे जाते. सरकारकडे ती फक्त कोणीही वारस नसल्यासच जाते. मृत्युपत्राची नोंदणीदेखील सक्तीची नाही. ते साध्या कागदावर, कोणत्याही भाषेत लिहिता येते. करणाऱ्याची सही आणि ती सही पाहिलेल्या किंवा तशी कबुली त्याच्याकडून ऐकलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला पुरते.

फी म्हणून पंचेचाळीस हजार रुपये घेऊन त्याने मावशीला उप पंजीयक कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदणीच्या कचेरीत नेले. तिथे फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला, आणि "माताजी, ये आप अपनी मर्जी से कर रही हैं ना?" असे विचारल्यावर तिने होकार दिला. ती मृत्युपत्रच नोंदवत आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. कागद हिंदीत होता, अक्षरे बारीक होती, आणि सल्लागाराने सह्यांच्या जागा पेन्सिलीच्या फुल्यांनी आधीच दाखवून ठेवल्या होत्या. पहिले पान त्याने वर येऊच दिले नाही. परतताना घराची मूळ रजिस्ट्री, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखत, "लॉकरमध्ये सुरक्षित ठेवतो" म्हणून तो घेऊन गेला.

पावसाळा संपता संपता एक अनोळखी गृहस्थ टेप घेऊन अंगण मोजायला आले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. त्यांनी घराचा सौदा केला होता, बयाना (आगाऊ रक्कम) दिला होता, आणि त्यांच्या हातातल्या प्रतीवर मावशीचा फोटो व ठसा होता. तो कागद मृत्युपत्र नव्हता, सल्लागाराच्या नावाने करून दिलेले आम मुखत्यारपत्र होते. त्यात घर विकण्याचा, अनुबंध करण्याचा, रक्कम घेण्याचा आणि खरेदीदाराला रजिस्ट्री करून देण्याचा अधिकार त्याला दिलेला होता.

मृत्युपत्र करणारा माणूस जिवंत असेपर्यंत त्या कागदाने कोणालाही काहीही मिळत नाही आणि तो ते कधीही बदलू शकतो. मुखत्यारपत्राचे नेमके उलट असते: ते सही झाल्यापासून चालते आणि देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सहसा संपते, म्हणजे वारसांच्या सोयीसाठी त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून वृद्ध माणसासमोर ठेवलेल्या कागदात "विक्रय", "बयाना" किंवा "कब्जा" हे शब्द दिसले, तर तिथेच थांबून तो कागद घरी आणावा आणि स्वतःच्या ओळखीच्या वकिलाला दाखवावा. मूळ रजिस्ट्री मात्र कोणत्याही कारणाने कोणाच्या हाती देऊ नये. मृत्युपत्र करण्यासाठी ती कुणाच्या ताब्यात द्यावी लागतच नाही.

आमचे घर वाचले ते ज्या गोष्टीमुळे, तिची कल्पना त्या माणसाला नव्हती. यजमानांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस असल्याने मावशीचा हिस्सा फक्त एक चतुर्थांश होता आणि पूर्ण घर विकण्याचा अधिकार मुळात तिलाच नव्हता. नामांतरण झाले म्हणजे मालकी मिळाली असे होत नाही. ती नोंद कर वसुलीपुरती असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले आहे. मुलांनी हक्कत्यागपत्र दिलेले नव्हते. सल्लागाराने मावसबहिणीला तसे एक पत्र "केवळ औपचारिकता आहे" म्हणून पाठवले होते, पण तिने वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायला ठाम नकार दिला. तिच्या त्या नकाराचे मोल आम्हां सर्वांना फार मोठे वाटते.

कळल्यावर घाई करावी लागते, कारण मुखत्यारपत्र रद्द केल्याचे त्रयस्थ माणसाला कळेपर्यंत त्याने सद्भावनेने केलेला व्यवहार अंगावर येऊ शकतो. आम्ही त्याच कार्यालयात रद्दपत्र नोंदवले, मराठी आणि हिंदी दोन्ही वर्तमानपत्रांत जाहीर सूचना दिली, सल्लागाराला आणि खरेदीदाराला वकिलाची नोटीस पाठवली आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रार केली. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तो दावा दाखल झाला आहे. खरेदीदाराचेही पैसे अडकले आहेत आणि त्यांनी स्वतंत्र तक्रार दिली आहे.

काही घरांत मुखत्यारपत्राऐवजी दानपत्र करून घेतले जाते आणि ते अधिक घातक असते, कारण स्वीकारलेले नोंदणीकृत दान सहजासहजी मागे घेता येत नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर दान दिले आणि ती अट मोडली गेली, तर ज्येष्ठ नागरिकांना आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली दाद मागता येते. छतरपूरच्या एका मातेला सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी याच कलमाच्या आधारे मुलाला दिलेली मालमत्ता परत मिळवून दिली. त्यामुळे दान द्यायचेच असेल, तर सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी.

मूळ रजिस्ट्री अजून परत मिळालेली नाही. पंजीयक कार्यालयातून तिची प्रमाणित प्रत मात्र काढून घेतली आहे. मावशीने आता स्वतःच्या एक चतुर्थांश हिश्शाचे आणि बँकेतील ठेवींचे मृत्युपत्र मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिले असून शेजारच्या डॉक्टरांनी आणि निवृत्त शिक्षिकेने त्यावर साक्ष घातली आहे. त्या दोघांनाही त्यातून काही मिळणार नाही.