अफवेवर घ्यायचा, की पत्र आल्यावर?

ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली आणि घणसोलीला गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मंडळी चढतात, आणि त्यांच्यासोबत बातम्याही. परवा भाच्याने विचारलं, "मामा, दोन टेक कंपन्यांचं जुळतंय म्हणे. आत्ताच शेअर घेऊन टाकू, की कंपनीचं शेअर बाजाराला अधिकृत पत्र येईपर्यंत थांबू?" हाताशी लाखभर रुपये, त्यातले साठ हजार पुढच्या वर्षी लग्नाच्या हॉलसाठी लागणार.

आत्ता घेण्यात फायदा एकच, पण मोठा: पहिली उडी मिळते. २२ एप्रिल २०२० ला फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी गुंतवत असल्याचं जाहीर केलं आणि रिलायन्सचा शेअर त्याच दिवशी दहा टक्क्यांच्या आसपास वर गेला. आदल्या दिवशी घेतलेल्याची चांदी झाली.

पण त्याच वर्षीचा मे महिना आठवा. गूगल व्होडाफोन आयडियात सुमारे पाच टक्के हिस्सा घेण्याचा विचार करतंय, अशी बातमी आली. शेअर दिवसभरात तीस टक्क्यांहून जास्त उसळला आणि बंद होईपर्यंत बराच खाली आला. कंपनीने बाजाराला कळवलं की असा कोणताही प्रस्ताव संचालक मंडळापुढे नाही. गंमत पुढे आहे. जुलैत गूगल खरंच आलं, ३३,७३७ कोटी घेऊन, पण जिओकडे! मला तरी साफ खोट्या अफवेपेक्षा अशी अर्धी खरी अफवा जास्त महाग वाटते. वऱ्हाड येतं, पण शेजारच्या मांडवात.

थांबण्यातही धोका आहेच. नोकिया-मायक्रोसॉफ्टची भागीदारी ११ फेब्रुवारी २०११ ला रीतसर जाहीर झाली, तरी नोकियाचा शेअर त्या दिवशी १४ टक्क्यांच्या आसपास पडला. पण निदान कराराच्या अटी वाचायला मिळतात, आणि आता थांबणं पूर्वीइतकं महागही राहिलेलं नाही. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमाप्रमाणे १ जून २०२४ पासून पहिल्या १०० आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० (बाजारमूल्याने सर्वांत मोठ्या) नोंदणीकृत कंपन्यांना, बातमीमुळे भाव ठळकपणे हलला तर २४ तासांत दुजोरा, इन्कार किंवा खुलासा द्यावा लागतो. छोट्या कंपन्यांना हे बंधन नाही, आणि टेलिग्रामवरच्या टिपा नेमक्या त्यांच्याच असतात.

कराचंही बघा: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के.

"आणि ऑफिसातल्या मित्राने आतली पक्की खबर दिली तर?" तर मुळीच नको. जाहीर न झालेल्या माहितीवर व्यवहार करणं म्हणजे इनसायडर ट्रेडिंग, आणि ते बेकायदा आहे, मग रक्कम चाळीस हजार का असेना.

शेवटी हॉलचे साठ हजार बँकेतच ठेवायचे आणि उरलेल्या चाळीसचं पत्र आल्यावर बघायचं, असं ठरलं. भाचा ठाण्याला उतरला तेव्हाही मोबाइलवर भावच बघत होता.