सहा महिन्यांनंतर: दोन मिलिमीटरपायी गेलेला उन्हाळा

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आधी ही 4,600 रुपयांची अकूस्टिक गिटार ऑनलाइन मागवली. मार्चमध्ये दोन स्टार देऊन रिव्ह्यूत लिहिलं होतं की आवाज छान आहे, पण नवशिक्याने हिच्या वाटेला जाऊ नये. ते मत आज बदलतोय.

मला एकच गाणं बसवायचं होतं, भाचीच्या बारशासाठी. जी, सी, डी, एवढ्या तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर. तरी तीन महिने बोटांची सालं निघत होती. त्याहून वाईट म्हणजे मोकळ्या तारा सुरात लावल्या तरी डी धरला की बेसूर. आई म्हणायची, "बोटं फुटेस्तोवर कशाला वाजवतोस रे?"

स्केल लावून बघितलं, तर बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड तार 3.5 मिलिमीटर वर! साधारण अडीच पुरे असते. तार इतकी उंच असली की दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. विकणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं, शिवाय परतीची मुदत संपली. अजून राग येतो.

मग 12 च्या जागी 10 च्या, म्हणजे बारीक तारा टाकल्या. 350 रुपये गेले, बोटांना थोडा आराम पडला, सूर तिथेच. तारांना दोष देणं माझं चुकलं. दोष सॅडलचा, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पांढऱ्या पट्टीचा.

हे सांगितलं गावातल्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या काकांनी. "तारा सैल कर, पट्टी काढ, खालूनच घास. वरची गोलाई मोडू नकोस." बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून तिथे एक मिलिमीटर उतरवायला पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागते. पेन्सिलने रेघ मारली, काचेवर पॉलिश पेपर ठेवला, थोडं घासलं की मोजलं. जास्त घासली गेली तर नवी पट्टीच घ्यावी लागते. खर्च 20 रुपये. काकांनी एक पैसा घेतला नाही.

त्याच रात्री डी सुरात वाजला. मी तो कितीतरी वेळ नुसताच वाजवत बसलो.

गाणं पुढच्या आठ दिवसांत बसलं. सीच्या जागी सी ॲड नाइन, म्हणजे सीचाच एक प्रकार धरतो, आणि जी चार बोटांचा. मग अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून तिन्ही कॉर्डमध्ये हलतच नाही. हे आधी कळतं तर!

बाकी तक्रारी किरकोळ. मेमध्ये पारा 43 च्या पुढे गेला, कोरड्या हवेने फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या मानेवरच्या फळीचं लाकूड आक्रसलं आणि फ्रेटची टोकं हाताला टोचू लागली. आता गिटार केसमध्येच ठेवतो, पत्र्याच्या खोलीत नाही.

दोनचे चार स्टार करतोय. पाचवा देणार नाही. 20 रुपयांचं काम कारखान्यातच व्हायला हवं होतं.