भाषेची पुस्तकं दहा महिने वापरल्यानंतर: घरच्या शाळेत काय ठेवलं, काय काढलं

आमची थोरली आठ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघंही घरीच शिकतात. गेल्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून पिशवी भरून भाषेची पुस्तकं आणली: बालभारतीची पहिली आणि तिसरीची मराठीची पुस्तकं, सुलेखनाच्या वह्या, व्याकरणाची एक सरावपुस्तिका आणि इंग्रजीसाठी जॉली फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणारी पुस्तकं. शिवाय एका कंपनीचा मोठा संच मागवला. त्यात वाचन, लेखन, व्याकरण, गोष्टी, सगळंच होतं. ज्यांच्या घरी सध्या अशीच खरेदी ठरते आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

पुस्तकं चाळताना एकही वाईट वाटलं नाही. अडचण अशी की प्रत्येक पुस्तक, मूल फक्त तेच वापरणार असं धरून लिहिलेलं असतं. ऑगस्टमध्ये थोरलीच्या वाट्याला एकाच आठवड्यात ‘नाम’ तीनदा आलं: सरावपुस्तिकेत, संचात आणि परत इंग्रजीत ‘नाउन’ म्हणून. तिसऱ्या वेळी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “आई, मला नाम येतं हे तुला माहीत आहे ना?” मला फार वाईट वाटलं. तिला येत होतं, हे मला खरंच माहीत होतं.

धाकट्याचं प्रकरण वेगळं. तिथे नुसती पुनरावृत्ती नव्हती, दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगत होती. बालभारतीत ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये मराठीसाठी हीच वळणं ठरवून दिली आहेत. संचात मात्र दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची. सकाळी एक ‘ल’ गिरवायचा, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी आजीला लिहून दाखवताना हात मध्येच थांबायचा. पुढे एकदा बसच्या पाटीवर ‘आळंदी’ वाचताना तो ‘ळ’वर अडला. घरी येऊन संच पुन्हा नीट पाहिला. तक्त्यात शेवटी ‘ळ’ होता, पण गिरवायला एकही पान नव्हतं. बाळ, शाळा, फळा, केळं, पोळी हे शब्द ज्याच्या तोंडी दिवसभर असतात त्या मुलाला हे अक्षर शेवटी कोपऱ्यात ठेवून कसं चालेल? मराठीसाठी संच त्या दिवसापासून बंद केला. गोष्टींची पानं तेवढी ठेवली, त्यांतली चित्रं सुंदर आहेत.

मग एका रविवारी सगळी पुस्तकं जमिनीवर मांडून बसले आणि एकेका कामाला एकच पुस्तक नेमलं. मराठी वाचायला बालभारती. पहिलीच्या पुस्तकात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत, गटागटाने येतात, त्यामुळे थोड्याच अक्षरांत मूल शब्द वाचू लागतं. पुस्तकं संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, तेव्हा विकत घेण्याआधी तिथे चाळून बघा. वळणासाठी सुलेखनाची वही, रोज अर्धं पान, जास्त नाही. व्याकरणाची पुस्तिका फक्त थोरलीला, तीही जे येत नाही तेवढीच पानं. सुमारे निम्मी पुस्तिका कोरी राहिली आणि त्याने काही बिघडलं नाही.

शुद्धलेखनाला वेगळं पुस्तक ठेवलंच नाही. जे वाचतो त्यातूनच चार ओळींचं श्रुतलेखन. चुकलेला शब्द एका वहीत जातो आणि सारखे शब्द शेजारी येतात. त्या वहीतलं थोरलीचं आवडतं पान ‘र’चं आहे: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. एकाच ‘र’चे हे चार अवतार सरावपुस्तिकेत चार लांबलांबच्या पानांवर होते. एकाखाली एक आल्यावर तिने स्वतःच विचारलं, ‘सूर्य’मध्ये ‘र’ आधी बोलतो, मग डोक्यावर का? त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. ते अख्ख्या वर्षातलं सगळ्यात चांगलं व्याकरण होतं.

धाकट्याला जॉली फोनिक्स आम्ही दिवाळीनंतर, त्याची बाराखडी पक्की झाल्यावर सुरू केलं. हे फार बरं झालं. खुणेला आवाज असतो आणि आवाज जोडून शब्द होतो, ही समज मराठीतून आलेलीच होती. त्यामुळे सुरुवातीचे धडे दोन-तीन दिवसांत झाले आणि वेळ खऱ्या अवघड जागी देता आला: 26 अक्षरांतून 42 आवाज. क्रमही विचारपूर्वक ठेवलाय. एस, ए, टी, आय, पी, एन या पहिल्या सहा अक्षरांतच कितीतरी शब्द वाचता येतात. मराठीत ‘एक अक्षर, एक आवाज’ असं मी त्याला सांगितलं होतं. त्यावर त्यानेच ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ म्हणून दाखवले. दोन्हीकडचा ‘च’ वेगळा आहे, हे इतकी वर्षं मराठी बोलून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एक पुनरावृत्ती मात्र मी मुद्दाम ठेवली आहे, गोष्टींची. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तीच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मोफत मिळते, पातळीनुसार निवडताही येते. आधी आजी मराठीत वाचते, दोन दिवसांनी आम्ही इंग्रजीत. अर्थ ठाऊक असतो, म्हणून मूल अनोळखी शब्दाला घाबरत नाही. थोरलीला ‘किशोर’चे जुने अंक लागतात. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक संकेतस्थळावर आहेत. तिथे मी एकही प्रश्न विचारत नाही.

बालभारतीत सराव कमी पडतो हे मान्य, पहिलीला तर फारच. ती उणीव पाटीवर भरून काढते, नवी पुस्तिका आणत नाही. आणि संच सगळ्यांसाठीच वाईट आहे असं नाही. घरात एकच भाषा शिकवायची असेल आणि दुसरं काहीच घेतलेलं नसेल तर तो पुरेसा आहे. फक्त मागवण्याआधी नमुन्याची पानं मागा आणि ल, श, ळ ही तीन अक्षरं बघून घ्या. यंदा जूनमध्ये मी दुसरीचं आणि चौथीचं मराठीचं पुस्तक, दोन सुलेखनाच्या वह्या आणि खडूची पेटी एवढंच आणणार आहे. व्याकरणाची कोरी पानं अजून शिल्लक आहेत.