पाईपलाईन बदलून घेताय? प्लास्टरच्या आधी भिंत बघा, आमचे १,४८,५०० गेले

आधी आकडे सांगते. घरातली जुनी पाण्याची लाईन बदलायला एका ठेकेदाराला दिले १,४८,५०० रुपये, आणि तेच काम दुसऱ्याकडून परत करून घ्यायला गेले १,२७,४००. एकूण २,७५,९००. आणि हे सगळं कशासाठी, तर नळाला नीट पाणी यावं आणि भिंतीला ओल येऊ नये एवढ्यासाठी.

ॲडव्हान्स घेऊन पळून जाणारे सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्यापासून आपण सावध असतोच. हा तसा नव्हता. हा रोज वेळेवर यायचा, माणसं लावून काम पूर्ण करून, फरशी पुसून गेला. म्हणून तर लिहितेय, कारण अशा माणसाचा संशय कुणालाच येत नाही.

आमचं नाशिकच्या इंदिरानगरमधलं रो हाऊस, १९९६ साली सासऱ्यांनी घेतलेलं. तेव्हा बिल्डरने आतून सगळी राखाडी पीव्हीसी लाईन टाकलेली, त्या काळात बऱ्याच ठिकाणी तेच व्हायचं. पुढे गच्चीवर सोलर बसवला तेव्हा त्या वेळच्या प्लंबरने गरम पाणी सरळ त्याच लाईनला जोडून दिलं. साधा पीव्हीसी गरम पाण्यासाठी नसतोच, उन्हाळ्यात सोलरचं पाणी साठ अंशाच्या वर सहज जातं, त्यात हा पाईप मऊ पडतो आणि जॉईंट सुटायला लागतात. आणि गच्चीवरचा जो भाग वर्षानुवर्षं उन्हात होता तो इतका कडक होऊन बसलेला की पाना लावला की एल्बो (वळणावरचा जोड) तडकायचा. एक लिकेज काढलं की दुसरीकडे सुरू. शेवटी घरात ठरलं की तुकडे जोडत बसण्यापेक्षा दोन्ही बाथरूम, किचन आणि गच्ची, सगळी लाईन एकदाच सीपीव्हीसीमध्ये, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या पाईपमध्ये, करून टाकू.

हा माणूस कॉलनीतल्याच ओळखीतून आला. मला ताई, सासऱ्यांना बाबा. बोलणं मऊ, हातात टेप, वहीत मापं लिहून घेतलेली. येताना पिशवीत पाऊण इंची सीपीव्हीसीचे दोन कापलेले तुकडे घेऊन आला आणि टेबलावर ठेवून समजावलं की बघा ताई, बाहेरून दोन्ही सारखेच २२.२ एमएम, पण हा एसडीआर ११ (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले जाडी, आकडा लहान तर पाईप जाड), याची जाडी दोन एमएम, आणि हा एसडीआर १३.५, जाडी साधारण १.७, लोक तुम्हाला ११ सांगून १३.५ टाकतात, मी तसं करत नाही. हे त्याने सांगितलेलं शंभर टक्के खरं आहे, मी नंतर तपासलं. फसवणूक कशी होते हे जो माणूस स्वतः आपल्याला शिकवतो त्याच्यावर विश्वास बसणारच ना? तुम्ही असता तर तुमचाही बसला असता.

कोटेशन १,४२,००० चं, मटेरियल आणि मजुरी धरून. पैसे असे गेले: सुरुवातीला ६०,००० यूपीआयने (खातं त्याच्या नावाचं नव्हतं, म्हणाला मेहुण्याचं आहे, माझ्या खात्याचं केवायसी चालूय), मग मटेरियलला ४५,००० कॅश, मग २५,००० परत यूपीआय, आणि शेवटी १२,००० आणि वरून 'ब्रास फिटिंग वाढलं' म्हणून ६,५००, म्हणजे १८,५०० कॅश. ६३,५०० रुपये कॅश त्याला दिल्याचा माझ्याकडे आज कागदाचा कपटासुद्धा नाही. कॅश द्यायचीच वेळ आली तर त्याच्याच वहीत त्याची सही घ्या आणि पानाचा फोटो काढा, लाजायचं काही कारण नाही, पैसे आपले आहेत. आणि खातं दुसऱ्याच्या नावाचं असेल तर पैसे पाठवूच नका, केवायसी बिवायसी काही ऐकायचं नाही.

आता ती गोष्ट जी आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

वरच्या बाथरूमचं काम चालू होतं त्या संध्याकाळी मी ऑफिसहून आले तर त्यांनी झिरी (पाईपसाठी भिंतीत खोदलेली खाच) बुजवून प्लास्टर मारलेलंसुद्धा. मी बघितलं तर ओलं प्लास्टर फक्त नळाच्या मागे वीतभर आणि वर गिझरच्या पॉइंटजवळ वीतभर. मधली भिंत कोरडी, जुन्या टाइल्स जशाच्या तशा, एकही फुटलेली नाही. मी विचारलं, हो, मी विचारलं, की मधली भिंत न फोडता पाईप आत गेला कसा? तो म्हणाला, "ताई, जुनी झिरी आतून पोकळ असते, जुना पाईप ओढून काढला आणि त्याच वाटेने नवा सरकवला, तुमच्या टाइल्स वाचवल्या." मला बरं वाटलं! टाइल्स वाचल्या म्हणून मी त्याच्या पोरांना चहा केला.

ज्या माणसाने नंतर काम केलं त्याने मला एका वाक्यात सांगितलं की सीपीव्हीसी कडक असतो, वाकत नाही, भिंतीत जिथे एल्बो आहे तिथून तो सरकवता येतच नाही, आणि जुना पाईप सिमेंटमध्ये आवळलेला असतो तो ओढून निघतच नाही. आता हे मला कुठून माहीत असणार? मी अकाउंट्समध्ये काम करते, मिस्टर अंबडला कंपनीत, त्यांची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, सासरे पंच्याऐंशीचे, त्यांना जिना चढवत नाही. घरात उभं राहून झिरी तपासणार कोण? ज्याला पैसे दिले त्यानेच खरं सांगायला नको?

आणि मलबा. दोन बाथरूम, किचन आणि गच्ची मिळून एवढ्या घरातली जुनी लाईन निघाली तर राखाडी पाईपचा ढीग पडायला हवा. गेटजवळ गोण्या होत्या त्यात विटांचा चुरा, थोड्या टाइल्स आणि वरवर दिसणारे चार-पाच तुकडे, तेही गच्चीवरचे, उन्हाने पांढुरके पडलेले. जुने पाईप कुठायत विचारलं तर उत्तर तयार, "भंगारवाला घेऊन गेला, पोरांनी चहापाण्याला पैसे घेतले." जुना पाईप दारात मोजून घेतल्याशिवाय भंगारात जाऊ देऊ नका. नवा किती फूट आला हे सगळे मोजतात, जुना किती निघाला हे कुणी मोजत नाही, आणि तिथेच सगळं बाहेर येतं.

टेस्टिंग म्हणजे त्याने नळ पूर्ण सोडला आणि म्हणाला बघा काय फोर्स आहे. ते टेस्टिंग नाही. सगळे पॉइंट प्लगने बंद करून हाताच्या टेस्टिंग पंपाने लाईनला प्रेशर द्यायचं, गेजवरचा काटा काही तास खाली येतो का बघायचं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आधी. पंप नाही म्हणाला तर भाड्याने आण म्हणावं.

मे महिन्यात वरच्या बाथरूमच्या मागच्या बेडरूममध्ये पोपडे आले. पाऊस नाही, काही नाही, आणि भिंत हाताला गार. त्याला फोन केला तर आधी "येतो ताई", मग "गावी आहे", मग फोन उचलायचाच बंद. शेवटी दुसरा प्लंबर आणला, वयस्कर माणूस, त्याने छिन्नीने नळामागचं प्लास्टर उडवलं. नळापासून वीतभर नवा पिवळसर सीपीव्हीसी, त्याच्या टोकाला ब्रासचा आटेवाला पीस, त्यावर टेफ्लॉन टेपचा हा जाड गुंडाळा, आणि त्याच्या पुढे तोच आमचा १९९६ चा राखाडी पाईप. त्या पाईपला आट्यापाशी केसाएवढी चीर, त्यातून थेंब थेंब. पाना आवळताना जुना पाईप तडकला असणार, आणि त्यांना ते दिसलं नसेल असं मी मानायला तयार नाही.

सगळीकडे हेच निघालं. जे डोळ्याला दिसतं ते नवं, भिंतीतलं सगळं जुनं. किचनमध्ये मात्र आतही नवा पाईप सापडला, पण त्यावर नुसतं कंपनीसारखं दिसणारं नाव, पुढे काहीच नाही. चांगल्या पाईपवर आयएस १५७७८ (सीपीव्हीसी पाईपचा भारतीय मानक क्रमांक), साईज, एसडीआर, बॅच आणि आयएसआय मार्कसोबत सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर छापलेला असतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये (आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) टाकला की लायसन्स कुणाचं आणि कशासाठी आहे ते समोर येतं. पाईप घरात आला की कापायच्या आधी हे करा. दुकानात बघितलेला आणि घरी आलेला पाईप एकच असतो असं धरून चालू नका, मी दुकानात स्वतः जाऊन बघून आले होते.

बिलाचं तर बोलायलाच नको. मटेरियलचं ३८,६४० चं छापील बिल दिलं होतं, वर जीएसटी नंबर, १८ टक्के वेगळे दाखवलेले, सगळं व्यवस्थित. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर रजिस्ट्रेशन कॅन्सल. हे तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही. आणि हो, ४५,००० मटेरियलला घेतले आणि बिल ३८,६४० चं, फरक विचारला तर म्हणे पाईप चिकटवायचं सोल्युशन, टेप, टेम्पो भाडं. ६,३६० रुपयांचं सोल्युशन?

आता यंत्रणेबद्दल. पोलीस चौकीत गेलो तर साहेबांनी पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "काम केलंय ना त्याने? मग हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं काम केलंय असं दाखवलंय, केलेलं नाही, खोटं बिल दिलंय, ही फसवणूक आहे, पूर्वीचं ४२० आणि आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. तर म्हणाले ताई तुम्ही वकील आहात का. फोटो दाखवले, पाईपचे तुकडे पिशवीतून नेले होते ते टेबलावर ठेवले, तर म्हणे हे इथून उचला, घाण होतेय. शेवटी मिस्टरांनी आवाज चढवला तेव्हा कुठे साधा अर्ज घेतला, गुन्हा नाही. पोचपावतीचा शिक्का मागितला तर शिक्का असलेले साहेब जेवायला गेलेले. एका सरकारी ऑफिसात गेलो तर म्हणाले परवानाधारक प्लंबर फक्त नळजोडणीपुरता, घराच्या आतल्या कामाशी आमचा संबंध नाही. ज्या कंपनीचा पाईप म्हणून पैसे घेतले तिच्या कस्टमर केअरला फोटो पाठवले तर उत्तर आलं की हे आमचं प्रॉडक्ट दिसत नाही, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. अरे, तुमच्या नावासारखं नाव छापून कुणीतरी विकतंय, तुम्हालाच त्याची काळजी नको? जो तो दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो. सासरे सत्तावीस वर्षं नोकरी करून टॅक्स भरून हे घर घेतलेला माणूस, ते मला म्हणाले सोड आता, गेले पैसे. का सोडायचं?

ग्राहक आयोगात केस टाकलीय. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आधी तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, तो कागद पुढे कामाला येतो. जिल्हा आयोगात, ठेकेदाराला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. भिंत फोडायच्या आधी त्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा आणि फोडताना सलग व्हिडिओ काढा, नाहीतर तो म्हणेल तुमच्या दुसऱ्या प्लंबरनेच जुना पाईप लावला. हे मला वकिलांनी नंतर सांगितलं, आमचा व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांत आहे आणि समोरचा नेमका तोच मुद्दा धरून बसणार.

दुसऱ्या प्लंबरने ९६,००० मध्ये खरी लाईन केली, टाइल्स आणि गवंडी ३१,४०० वेगळे. गरम लाईन एसडीआर ११, गच्चीवरच्या पाईपला वॉटर बेस रंग मारून, प्लास्टरच्या आधी रात्रभर प्रेशरवर ठेवून. झिरी उघडी असताना प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढलाय. शेवटचा हप्ता टेस्टिंगनंतरच द्यायचा हे त्यानेच आधी सांगितलं, मला मागावं लागलं नाही.

पहिला माणूस अजून काम करतोय. पाथर्डी फाट्याच्या बाजूला दोन घरांत त्याचं काम झाल्याचं मला कळलंय आणि त्यांची लाईन भिंतीत आहे, त्यांना अजून काही माहीतही नसेल. ज्यांनी वर्षभरात जुन्या घराची लाईन बदलून घेतलीय आणि टाइल्स फारशा फुटल्या नाहीत, त्यांनी आजच रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा आणि सकाळी उठल्या उठल्या बघा. टाकी भरणारा कॉक आधी बंद करा, नाहीतर वरून पाणी भरत राहील आणि फरक कळणार नाही. फ्लश पण वापरू नका रात्री, बादली भरून ठेवा.